राजाचं अक्षर, दुसऱ्याचा हात

बाबा,

मायना घालत नाही. घातला असता तर तुम्ही पहिली ओळ तपासून 'हं, ठीक आहे' म्हणाला असतात आणि चष्मा काढून ठेवला असतात. आज मला तुम्हाला एक विचारायचंय, आणि ते विचारायला दुसरं कुणी नाही. एका माणसाचं पत्र दुसऱ्याने लिहिलं, अगदी त्याच्याच अक्षरात, त्याच्याच सहीनिशी, तर ते पत्र कुणाचं म्हणायचं? या एका प्रश्नापायी मी गेले कित्येक दिवस नीट जेवलेली नाही. आई म्हणते, "तुझं ते राजाचं लफडं मिटलं की सांग, मग मी भाजी करते."

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यामागे मी काय काय केलं हे तुम्हाला ठाऊकच नाही. मी फ्रेंच शिकले. मी इतिहास घेतला, त्याचं आईला अजून थोडं दुःख आहे. आम्ही अजून इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेतच राहतो, आणि मी नदीपलीकडे एका ग्रंथालयात, जुन्या कागदपत्रांच्या विभागात काम करते. नोकरी वर्षावर्षाच्या करारावर आहे. युरोपातल्या राजेराण्यांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी एकमेकांना पाठवलेली पत्रं वाचायची, कोणी कोणाला कशासाठी लिहिलं ते नोंदवायचं, आणि प्रदर्शन भरलं की प्रत्येक पत्राखाली लावायची पाटी लिहायची. मंडळाच्या गणपतीत एक काकू आईला विचारत होत्या, मुलगी काय करते म्हणून. आई म्हणाली, "सगळ्यांची मुलं कोडिंग करतात, माझी मुलगी मेलेल्या राजांची पोस्ट वाचते." तिच्या बोलण्यात तक्रार होती, पण मला वाटतं थोडी ऐटही होती.

बाबा, हे जग तुम्हाला फार आवडलं असतं. पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर तुम्ही जे सांभाळत होतात, तेच हे लोक मोहरा आणि मखमल लावून सांभाळत होते. कोणाला काय म्हणायचं याची यांच्याकडे केवढी चर्चा! 'माझे बंधू' हे शब्द लिहून झाले की खाली कोरी जागा सोडायची, आणि मग मजकूर सुरू करायचा. समोरचा जितका मोठा, तितकी जागा जास्त. कागद स्वस्त नव्हता, तरी मान द्यायचा म्हणून अर्धं पान कोरं सोडलेलं मी पाहिलंय. सहीसुद्धा जितकी खाली, तितकी नम्र. घरात कुणी गेलं असेल तर लाखेची मोहर काळी. मूल जन्माला आलं तरी राजाराजांना कळवायचं, आणि ज्यांना कळवलं त्यांनी आनंद झाल्याचं उलट कळवायचं, मग आनंद झालेला असो की नसो. आणि सगळ्यात मला काय मजेचं वाटलं सांगू? हे सगळे राजे एकमेकांचे भाऊ. रक्ताचं नातं नसलं तरी भाऊ, आणि राण्या बहिणी. एकाचं सैन्य दुसऱ्याच्या सीमेवर तंबू ठोकून बसलंय, आणि पत्राची सुरुवात 'माझे बंधू' अशीच. पहिल्यांदा असं पत्र वाचलं तेव्हा वाचनकक्षाच्या शांततेत मी मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं. त्यांना कसं सांगणार, की मला माझे बाबा आणि काका आठवले म्हणून?

आपण इथे आलो तेव्हा मी शाळेत जाऊन बोलायचीच बंद झाले होते. घरी पोपटासारखी आणि वर्गात दगड. शेवटी तुम्ही आणि आईने ठरवलं की काही वर्षं हिला घरीच शिकवू. आई नोकरीच्या व्हिसावर, तुम्ही आणि मी तिच्यामागे आलेलो. तुम्हाला इथे काम करायची परवानगीच नव्हती. तेव्हा शिक्षक आयता मिळाला. आई सकाळी ऑफिसला गेली की स्वयंपाकघरातल्या टेबलावरची ताटं उचलायची, ओलं फडकं फिरवायचं, आणि ते वाळलं की शाळा सुरू. तुम्ही खुर्ची खिडकीकडे ओढून बसायचात. खिडकीतून विद्यापीठाच्या बसेस दिसायच्या. मायक्रोवेव्ह वाजला की मधली सुट्टी. गणित, इंग्रजी, भूगोल हे सगळं लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांतून. मराठी मात्र पत्रांतून. तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचं. तीच माझी शुद्धलेखनाची वही, आणि तेच कराडला काकांना जाणारं पत्रही.

कारण काकांशी तुमचं बोलणं नव्हतं. आपल्याला निरोप द्यायला सगळे जमले होते, तेव्हा काका म्हणाले होते, "घरजावई ऐकला होता, हा व्हिसाजावई पहिलाच!" सगळे हसले. मीही हसले, कारण मला अर्थ कळला नव्हता. तुम्ही हसला नाहीत. तेव्हापासून फोन बंद. पत्रं मात्र चालू: दसरा, संक्रांत, काकूंचं ऑपरेशन, काका मास्तर होते त्या शाळेतला त्यांचा निरोपसमारंभ. तुम्ही पाठीमागे हात बांधून स्टोव्ह ते फ्रिज फेऱ्या घालताय आणि सांगताय, "तीर्थस्वरूप दादांस, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष." मी पेन्सिल थांबवून विचारते, "तुमचं भांडण आहे ना?"

"आहे की."

"मग शिरसाष्टांग कशाला?"

"भांडण माझं आणि दादाचं आहे. मायन्याने कुणाचं काय बिघडवलंय?" मग फ्रिजपाशी वळून म्हणालात, "उलट भांडण असलं की मायना जास्त नीट लिहायचा, ठमाबाई. तेवढीच एक वाट उघडी राहते."

आज राजदूतांच्या पत्रव्यवहारावर जाडजाड पुस्तकं वाचते मी, बाबा. त्यात बरंच काही आहे, पण हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

आणि ते एक रागावणंही आठवतं. एकदा दसऱ्याच्या पत्रात मी शेवटी माझ्या मनाने एक वाक्य घातलं, 'तुमची फार आठवण येते.' तुम्ही सही करायला पेन उघडलंत आणि तिथेच थांबलात.

"हे मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कसं आलं?"

"खरं आहे म्हणून."

तुम्ही आवाज चढवला नाहीत. कधीच चढवत नसत, म्हणून जास्त भीती वाटायची. "खरं असेल. पण माझं वाक्य मी सांगेन. लिहिणाऱ्याने आपल्या मनचं घालायचं नाही. आठवण मला येते की तुला, हे दादाला कसं कळणार?" सगळं पान पुन्हा लिहायला लावलंत. मी रडत लिहिलं. दुपारी तुम्ही साबुदाण्याची खिचडी केलीत, जास्त दाण्याचं कूट घालून, आणि तो विषय पुन्हा काढला नाहीत. पण माझ्या हाताला ते कायमचं लागलं. सहावीत शाळेत गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाईंना चिठ्ठी लिहायची होती, उद्या डेंटिस्टकडे जायचंय एवढीच. मी अर्धं पान नमस्कारात घालवलं. बाईंनी ती चिठ्ठी कौतुकाने फळ्याशेजारी लावली, आणि मुलं महिनाभर मला 'युवर मॅजेस्टी' म्हणत होती. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही विचारलंत, "सही कुठे केली होतीस?" मी म्हणाले, अगदी खाली. "मग बरोबर आहे," म्हणालात.

आता जे विचारायचंय तिथे येते.

आमच्या विभागाच्या प्रमुख बाई या उन्हाळ्यात निवृत्त होतायत. मला नोकरीवर घेतलं ते त्यांनीच. त्यांच्या मनातलं शेवटचं प्रदर्शन म्हणजे राजाराजांमधली दुखवट्याची पत्रं. दालनाच्या मधोमध एकच काचपेटी, आणि तिच्यात एका वृद्ध गृहस्थांनी उसनं दिलेलं एक पत्र. एका राजाची राणी गेली, तेव्हा दुसऱ्या राजाने त्याला लिहिलेलं. दोघांचं काही वर्षांपूर्वीच युद्ध झालेलं. वर कोरी जागा भरपूर, मोहर काळी, आणि मजकुरात राजा म्हणतो की हे मी लेखनिकाकडून न लिहवता माझ्या हाताने लिहितो आहे. त्या काळी राजाने स्वतःच्या हाताने लिहिणं हाच सगळ्यात मोठा मान. पाटीचा मसुदा बाईंनी आधीच करून ठेवला होता: 'राजाने स्वहस्ते लिहिलेलं सांत्वनपत्र.' मी फक्त तपासायचं होतं.

तपासायचं म्हणून मी त्याच राजाची बाकीची पत्रं काढली. दुसऱ्या संग्रहांतली, पडद्यावर मोठी करून. शिकारीला गेल्यावर मुलाला खरडलेली, बागेच्या कारंज्यांबद्दल चिडून लिहिलेली. आणि बाबा, त्या माणसाचं अक्षर म्हणजे रोज वेगळं. घाई असली की शब्द एकमेकांवर चढतात, दमला की ओळी उजवीकडे उतरतात, एकच अक्षर एका पानात चार तऱ्हांनी येतं. सांत्वनाच्या पत्रात मात्र ते अक्षर पहिल्या ओळीत जसं, तसंच शेवटच्या ओळीत. वळणं सगळी राजाचीच. पण राजापेक्षाही जास्त राजासारखी. मग वाचत गेले तसं कळलं की त्या दरबारात असा एक हुद्दाच होता. 'हाताचा सचिव' म्हणत त्याला. त्याचं काम एवढंच, की राजाच्या अक्षरात लिहायचं. म्हणजे राजाला लिहायचे कष्ट पडू नयेत आणि समोरच्याला स्वहस्ते लिहिल्याचा मानही मिळावा. लपूनछपून नाही, पगारी नोकर. मला इतका आनंद झाला वाचून! कोण असेल हा माणूस? राजाचा हात शिकायला त्याला किती दिवस लागले असतील? घरच्यांना लिहिताना त्याचं स्वतःचं अक्षर परत येत असेल का? दोन तास मी नुसती त्याच्या मागे होते. आणि मग मी पाटीचा मसुदा पुन्हा उघडला. कारण याचा अर्थ असा, की बाईंच्या शेवटच्या प्रदर्शनाच्या मधोमध जे पत्र आहे, त्याखाली 'स्वहस्ते' असं मला लिहू देता येत नाही.

आईला सांगितलं. ती लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होती. म्यूट करून म्हणाली, "अगं, त्यांचं शेवटचं एक्झिबिशन आहे. तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. 'असं मानलं जातं' असं टाक आणि मोकळी हो ना यार!"

"पण असं कोण मानतं?"

"कोणीतरी मानतच असेल!" असं म्हणून तिने अनम्यूट केलं.

बाईंना लिहायच्या ईमेलचे मी किती मसुदे केले ते सांगत नाही. प्रत्येकात नमस्कारच लांबत होते. पण खरी अडचण वेगळीच होती. ते पत्र राजाच्या हातचं नाही असं म्हटलं की ते खोटं ठरत होतं, आणि त्याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटेना. का रेटेना, हे तुम्हालाच माहीत आहे.

मी दहावीत होते. केमोने तुमची बोटं बधिर झाली होती, पेन धरवत नव्हतं. सोफ्यावर पडून तुम्ही पत्र सांगितलंत, मी लिहिलं, आणि पान तुमच्यापुढे धरलं. तुम्ही म्हणालात, "सही पण तूच कर."

"तुमची?"

"मग काय पोस्टमनची?"

जाहिरातींच्या कागदांच्या पाठीवर मी तुमची सही गिरवली. तो पहिला वळसा, खालून येणारी रेघ, शेवटचे दोन ठिपके. जमायला लागली तशी मला जास्त भीती वाटायला लागली. मी विचारलं, ही खोटी सही नाही का होत? तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "खोटी सही म्हणजे माझ्या नकळत केलेली. ही माझ्यासमोर, माझ्या सांगण्यावरून. हात तेवढा तुझा." पत्रात तुम्ही लिहवलं होतंत, प्रकृती ठीक आहे. ते वाक्य मी घातलेलं नव्हतं, म्हणून त्यावर काही बोलले नाही.

बाईंचा ईमेल असा अडला तेव्हा मला वाटलं, पत्र पाठवणाऱ्याला काय वाटतं हे मला माहीत आहे. ज्याला ते पोचतं त्याला काय वाटतं, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. रविवारी सकाळी मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. कराडला संध्याकाळ होती. मोबाइल उलटा धरून ते आधी बराच वेळ पंखाच दाखवत होते. मग चेहरा आला. खूप थकलेत. दात काढून ठेवलेले.

"काय गं पोरी, लग्न ठरलं की काय?"

"नाही काका, कामाचं विचारायचंय." राजाच्या पत्राचं सगळं त्यांना सांगितलं. "बाबांची पत्रं यायची ना, ते अक्षर माझं आहे हे कळायचं तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? तुझ्या बापाचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेलेली. आणि पत्र यायचं मोत्यासारखं. मी तुझ्या काकूला म्हणायचो, बघा, अमेरिकेत जाऊन साहेबांनी कारकून ठेवलाय!"

मागून काकूंचा आवाज आला, "खोटं बोलताय. तुम्ही म्हणायचात, पोरीला मराठी शिकवतोय, हे एक बरं करतोय."

"तेही म्हणायचो," काका म्हणाले.

मग मी विचारलं, "आणि शेवटच्या पत्रांवरची सही?"

काकांनी मोबाइल खाटेवर ठेवला, पुन्हा पंखा दिसायला लागला. मग म्हणाले, "त्याची सही जन्मात कधी दोनदा सारखी आली नाही. बँकेतले लोक त्याला परत परत करायला लावायचे. आणि ही आली कशी? छापल्यासारखी. मी म्हटलं, हा हात त्याचा नाही. म्हणजे त्याला पेन धरवत नाही. पत्रात लिहिलेलं, प्रकृती ठीक. ठीक असलेला माणूस सही स्वतः करतो ना? तसाच उठलो आणि फोन लावला."

बाबा, तो फोन मला आठवतो. आपण जेवत होतो. आईने उचलला, आणि तुमच्या कानाशी नेऊन धरला. तुम्ही दोघं पलीकडच्या वाड्यातली चिंच तोडली की नाही, यावर अर्धा तास बोललात. आजाराचा शब्द नाही. व्हिसाचा नाही. त्यानंतर रोज फोन यायचा, शेवटपर्यंत. इतक्या वर्षांनी एकदम कसं काय सुचलं यांना, असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि नंतर मी ते विसरले होते.

"तुम्हाला राग नाही आला?" मी काकांना विचारलं. "त्यांनी स्वतः सही केली नाही म्हणून?"

"राग कसला? हात चालत नव्हता, गप्प बसला असता तर कोण काय म्हणणार होतं? नाही बसला. दुसऱ्याचा हात घेऊन लिहिलं, पण लिहिलं." मग त्यांचा आवाज एकदम शाळेतला झाला. "बरं, त्या तुझ्या राजाला सांग, काका पास करतायत म्हणून."

सोमवारी मी बाईंच्या खोलीत गेले, ईमेल न पाठवता. सगळ्या छायाप्रती टेबलावर मांडल्या. त्या बराच वेळ भिंग घेऊन बसल्या. मग विचारलं, "तुला खात्री आहे?"

"नाही," मी म्हणाले. "राजाचा हात नाही, हेही मला सिद्ध करता येत नाही. पण 'स्वहस्ते' असं मला लिहिता येणार नाही."

"इतकी वर्षं मी हे पत्र बघतेय. मला ते नेहमी फार सुंदर वाटलं." त्या हसल्या, पण बारीक. "आणि सुंदर आहे हीच त्याची चूक, असं तू म्हणतेस." मग भिंग खाली ठेवलं. "लिही पाटी. मधोमधच लावू. हे जास्त इंटरेस्टिंग आहे, किडो. फक्त मला एक दिवस वाईट वाटू दे."

मी पाटी लिहिली. राजाच्या अक्षरात, बहुधा त्याच्या हाताच्या सचिवाने लिहिलेलं. मजकूर राजाच्या संमतीने. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली होती, की हे पत्र खोटं नाही, राजाला ते जावं असं वाटत होतं. छान ओळ होती. मग मला दसऱ्याचं ते पान आठवलं, आणि मी ती खोडली. राजाला काय वाटत होतं, हे मला कुणी सांगितलंय?

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पत्राचे मालक आले. उंच, वाकलेले, हातात टोपी. पाटी त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. बाईंनी समजावलं, मी समजावलं, माझं बोलणं नेहमीसारखं फार लांबलं. त्यांनी सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, हे पत्र त्यांच्या वडिलांनी राजाचं म्हणून घेतलं होतं. लहानपणी वाढदिवसाला वडील ते काढून दाखवायचे आणि सहीजवळ बोट ठेवू द्यायचे: इथे राजाचा हात टेकला होता. "तुमचं बरोबरही असेल, मिस," ते म्हणाले. "पण मला ते कळून घ्यायचं नव्हतं." दुपारी ते पत्र घेऊन गेले. मधली काचपेटी रिकामी आहे. बाईंनी पाटी तशीच ठेवायला सांगितली. लोक येतात, पाटी वाचतात, आणि आत काहीच नाही हे बघून इकडेतिकडे बघतात. माझ्या कराराचा कागद बाईंनी पुढे पाठवलाय. त्यांच्यानंतर येणाऱ्यांचं मला माहीत नाही. मी चुकले असं मला वाटत नाही. पण त्या गृहस्थांचा मला थोडा रागच आला होता, हेही सांगते. इतक्या म्हाताऱ्या माणसाने खरं काय ते कळून घ्यायला घाबरावं?

परवा काकांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. मी न मागता. तुमची शेवटच्या वर्षातली पत्रं, त्यांनी पिशवीतून काढून खाटेवर मांडलेली, एकेकाचा वेगळा फोटो. काही तुम्ही स्वतः सही केलेली आणि काही मी केलेली असणार. मी लॅपटॉपवर घेऊन मोठी केली. त्या राजाची केली होती तशीच. वळसा पाहिला, रेघ पाहिली, ठिपके पाहिले. काकांना दिसलेली छापल्यासारखी सही मला एकही दिसेना; सगळ्याच थोड्या थरथरत्या, सगळ्याच तुमच्या. अनोळखी राजाच्या हाताबद्दल मी पाटी लिहून लावली, आणि इथे तुमची कुठली आणि माझी कुठली, मला सांगता येईना.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा सांगून टाकते. काकांना विचारलं तर ते एका नजरेत सांगतील. त्यांनी आज सकाळी लिहिलंही, 'दाखवू का कोणती कुणाची?' मी फक्त नमस्काराचे हात पाठवले, आणि फोटो बंद केले.